सूनबाईच्या गिटारचं पेडल

९ नोव्हेंबर १९९७, रविवार

प्रणिताचा उजवा पाय मोडला. जिन्यावरून घसरली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टरला पहिला प्रश्न काय – "बावीसला कन्नड राज्योत्सवाचा कार्यक्रम आहे, बसून वाजवता येईल ना?"

संग्रामला जाऊन चार वर्षं झाली. पोरगा गेला, सून राहिली. घरात आवाज आहे तो हिच्या गिटारचा. तीही गप्प झाली तर आम्ही नवरा-बायको, चंद्रा आणि मी, एकमेकांची तोंडं बघत बसणार.

१२ नोव्हेंबर

जयतीर्थ आला होता. प्रणिता वाजवते तो ऑर्केस्ट्रा त्याचाच, तो कीबोर्ड वाजवतो. अडचण गिटारची नाही, पायाखालच्या यंत्राची. पाटाएवढं काळं यंत्र, चार बटणं आणि बाजूला एक पेडल. बटण दाबलं की गिटारचा आवाज बदलतो – फाटका, साधा, घुमणारा, दूर डोंगरातून आल्यासारखा. पेडल पुढे रेटलं की आवाज चढतो, मागे ओढलं की बंद. डाव्या पायाला ताल नाही म्हणते.

मी म्हटलं, "पेडलच ना? चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

जयतीर्थ हसला. प्रणिता हसली नाही. "मामा, चप्पल काढा आणि बसा."

१६ नोव्हेंबर

शिवणाच्या मशीनला जोर लागतो, याला नुसता विचार पुरतो. सारखं तिचं कन्नडमिश्रित ऐकतोय – "मामा, स्वल्प सावकाश." शेवटी कॉलरच्या कोपऱ्याला मशीन जशी हळू घेतो तसं घेतलं. मान डोलावली तिने. पोरीची शाबासकी मिळाली की या वयातही बरं वाटतं.

१९ नोव्हेंबर

चंद्रा म्हणते, गिऱ्हाइकांचे ब्लाउज कोण शिवणार, तो जयतीर्थ?

२३ नोव्हेंबर, रविवार

काल मल्लेश्वरमच्या मैदानावर कार्यक्रम झाला. स्टुलावर तिचा प्लास्टरचा पाय, शेजारी खुर्चीत मी, अनवाणी. समोर आमच्या पेठेतली निम्मी माणसं. पहिली तीन गाणी सुरळीत.

चौथं संथ गाणं. मध्येच दिवे मंदावले, यंत्र विझलं आणि परत लागलं ते पहिल्या बटणावर – फाटका आवाज. एक किंकाळी निघाली. मी पेडल मागे ओढलं. गिटार बंद. वाकलो, चष्मा घसरला, बोटाने बटणं मोजली. जयतीर्थ कीबोर्डवर तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. मी तिसरं दाबलं आणि पेडल हळूहळू उघडलं. तिचा सूर अलगद वर आला. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

नंतर विचारलं, घाबरली नाहीस? म्हणाली, "तुम्ही होतात ना तिथे."

आणखी एक पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर लोक जयतीर्थभोवती जमले होते. तो त्यांना बाजूला सारून आला, अंगावरची शाल घडी करून तिच्या पायाखाली ठेवली.

२४ नोव्हेंबर

चंद्राला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "मला दसऱ्यापासून माहीत आहे." जात वेगळी, भाषा वेगळी. चंद्राने उरलेली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "आपण किती दिवस पुरणार तिला?"

२६ नोव्हेंबर

प्रणिताला सरळ विचारलं. आधी रडली. "तुम्हाला दोघांना सोडून कुठे जाऊ?"

म्हटलं, आपलं चामराजपेट ते त्याचं मल्लेश्वरम एक बस आहे. मला इच्छा सांग, अंतर नको.

तिने सांगितली.

३० नोव्हेंबर, रविवार

स्थळ घेऊन जयतीर्थच्या आईकडे जाऊन आलो. त्यांनी विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?"

वडील, म्हटलं.