गुडघे वाकवून घेतलेलं रीडिंग

जळगाव
रविवार, दुपारी तीन

प्रिय अफिफा,

माझं अक्षर बघून आधी हसून घे. दोन वर्षं एका टेबलावर प्रॅक्टिकल केली आपण, आणि माझी जर्नल मलाच लागायची नाही म्हणून तूच वाचून दाखवायचीस. तरीही फोन सोडून पत्र लिहितेय. फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा तू "बोला नोकरीवाल्या बाई, पार्टी कधी?" म्हणालीस, आणि मी उन्हावर काहीतरी बडबडून ठेवून दिला. तुझ्या आवाजात एवढा आनंद होता की माझी जीभच उचलेना.

उद्या नरडाण्याला रुजू व्हायचंय. होस्टेलची खोली आज रिकामी करतेय. बाहेर पंचेचाळीस डिग्री असेल, पंखा नुसती गरम हवा फिरवतोय. तुझ्या कॉटवर माझी बॅग आहे आणि बॅगेत सगळ्यात वर आबांनी दिलेली पाण्याची बाटली. तिची गंमत सांगते. ऑर्डर आली तेव्हा घरी गेले होते. आईनं कागद देवापुढे ठेवला, माझ्या भावानं, योगराजनं त्याचा फोटो काढून सगळ्या गावाला पाठवला. आणि आबा ओट्यावर मांडी घालून म्हणाले, "काय शिकली व माय पाच वर्षांत, सांग बरं आम्हाले." मी म्हटलं, पाण्यात काय काय असतं ते ओळखायला शिकले. झालं! आबा उठले, केळीच्या बागेतल्या विहिरीवर गेले आणि बाटली भरून घेऊन आले. "आता आपल्या घरचीच पोरगी तपासीन," असं आईला सांगत होते. तीन आठवडे झाले, बाटलीचं बूच मी उघडलेलं नाही.

निरोप समारंभात सरांनी हाच प्रश्न प्रत्येकाला विचारला होता. नोकरीच्या उंबरठ्यावर उभे आहात, विद्यापीठानं तुम्हाला काय दिलं ते एका वाक्यात सांगा. मी 'टीमवर्क' म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. तू म्हणालीस, "रीडिंग घेताना गुडघे वाकवायचे." सगळे खो खो हसले, मीसुद्धा. पण तू खरंच वाकायचीस. ब्युरेटच्या काचनळीतल्या द्रावणाची रेघ डोळ्यांसमोर येईपर्यंत खाली बसायचीस, ओढणी सावरून, श्वास धरून. आम्ही उभ्याउभ्याच आकडा टिपायचो, कारण आम्हाला आकडा आधीच ठाऊक असायचा. रूपालीताईची जर्नल होती ना! तिला ती तिच्या सीनियरनं दिलेली, आम्ही ती पुढच्या बॅचला दिली. उत्तर तिच्यातून घ्यायचं, उलटं गणित करायचं, आणि रीडिंग बसवायचं. एक पॉइंट इकडे, एक तिकडे, म्हणजे खरं वाटतं. तिसऱ्या सेमिस्टरला तू तुझं खरं रीडिंग लिहिलंस, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मार्क कापले, आणि आम्ही तुलाच वेड्यात काढलं. मी तर दोन दिवस चिडवत होते तुला.

तुझ्या प्रोजेक्टच्या वेळी मी धुळ्याला तुमच्याकडे आले होते, तो दिवस मला सारखा आठवतो. नूरबी अम्मींनी भरीत-भाकरी केली होती आणि मी लाजलज्जा सोडून चार भाकरी खाल्ल्या होत्या. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसलेला, चुना लावल्यासारखा. तू तो नखानं खरवडून दाखवलास. गल्लीतल्या बोअरचं पाणी. अम्मींच्या किडन्यांचा त्रास तेव्हा नुकता सुरू झाला होता, आणि डॉक्टरांनी क्षाराचं पाणी बंद करा म्हणून बजावलं होतं. तू वर्षभर त्या बोअरचं पाणी दर पंधरवड्याला तपासलंस. लाल रंग जाऊन निळा येईपर्यंत थेंब थेंब सोडत बसायचीस; थेंब जितके जास्त लागतील तितके क्षार जास्त. मग त्या आकड्यांचा कागद घेऊन गल्लीत घरोघर गेलीस. शेजारचे झुलालनाना तुझ्यावर किती खेकसले होते! "हाईच पानी पीसन आमनी बठ्ठी जिंदगी गई, तू काय शिकाडस?" पण शेवटी त्यांनीसुद्धा ऐकलं. तुझे अब्बा, सत्तारचाचा, सायकलला दोन कॅन बांधून टाकीवरून पाणी आणायला लागले. त्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी, रोज सकाळी. मला म्हणाले होते, "बेटी, अफिफानं लिहिलंय म्हणजे लिहिलंय."

मग फेब्रुवारीत नरडाण्याची ती कंपनी आली. जागा एकच. शेवटी आपण दोघी उरलो. साहेबांनी दोघींना एकाच कॅनमधलं पाणी दिलं आणि त्यात क्षार किती ते काढायला सांगितलं. तीच पद्धत, तोच लाल रंग, तोच निळा. अर्ध्या तासानं आपण बाहेर आलो. तू पॅसेजमध्ये विचारलंस, "तुझं किती?" मी म्हटलं, बारा पॉइंट चार. तुझा चेहरा पडला. तुझं तिन्ही वेळा अठरा पॉइंट सहा आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी तुला आत बोलावलं आणि म्हणाले की तुझा हात अजून बसलेला नाही, एवढा फरक म्हणजे कामात घोटाळाच. तू बाहेर येऊन माझी गळाभेट घेतलीस. माझ्यासाठी खूश होतीस, खोटं खोटं नाही, खरंच. आणि मग बसस्टँडपर्यंत एकटीच पुढे चालत राहिलीस.

त्यानंतरचं मला तू सांगितलं नाहीस, तौसिफनं सांगितलं. परवा माझा मोबाइल मध्येच बंद पडायला लागला म्हणून त्याला फोन केला होता. बहिणीच्या मैत्रिणीचं काम म्हणून आधी मोबाइलबद्दल बोलला, मग सगळंच बोलला. तू प्रोजेक्टमधून तुमच्या गल्लीचं प्रकरण काढून टाकलंस. पीएच.डी.च्या परीक्षेचा भरलेला फॉर्म सोडून दिलास. आणि पुन्हा घरोघर जाऊन सांगितलंस की माझा हातच चुकतो, एवढा फरक पडतो, आकडे खरे असतील असं मी आता सांगू शकत नाही. झुलालनाना हसले म्हणे. गल्लीनं बोअर सुरू केली. सत्तारचाचा महिनाभर तरी सायकल काढत राहिले, पण त्यांचे गुडघे थकले आणि तूच त्यांना म्हणालीस, राहू द्या अब्बा. आता अम्मींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सिव्हिलला न्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, आता मागे फिरणं नाही. तौसिफ म्हणाला, "ताई, ती हातात कप धरते ना, तेव्हासुद्धा हाताकडेच बघत बसते."

अफिफा, त्या दिवशी टेबलावर कॅनच्या मागे त्याच पाण्याचा त्यांचा गेल्या महिन्याचा रिपोर्ट पडलेला होता. मुद्दाम ठेवला की राहून गेला, मला माहीत नाही. मी तो पाहिला. तू पाहिला नसशील, तू खाली वाकलेली होतीस. मी उलटं गणित केलं आणि बारा पॉइंट चार लिहिलं. त्याआधी माझ्या ब्युरेटमध्ये जे आलं होतं ते मी खोडलं, आणि पॅसेजमध्ये तू विचारलंस तेव्हाही दाबलं. निदान तेव्हा तरी तुला खरं सांगता आलं असतं. नोकरी मिळाल्यात जमा होती. पण मला भीती वाटली की तू आत जाऊन बोलशील. माझंही अठरा पॉइंट सहाच आलं होतं. तुझा हात कधीच चुकला नव्हता, ना तिथे, ना गल्लीत. तुझा वर्षभराचा एकेक आकडा खरा आहे. हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलंय. ते मिळाल्यावर आधी बोअर बंद करायला सांग, झुलालनानांच्या घरी सगळ्यात आधी, त्यांच्याकडे बाळंतीण आहे असं तौसिफ म्हणाला. वाटलं तर हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव, माझं नाव घेऊन. तू माफ करशील असं मला वाटत नाही, आणि अम्मींसमोर यायची माझी छाती नाही. उद्या सकाळी धुळ्याला गाडी बदलायची आहे, तेव्हा स्टँडजवळ तौसिफच्या मोबाइलच्या दुकानात हे देईन आणि पुढच्या बसनं नरडाण्याला जाईन. हो, जाणार आहे. नको म्हणायची हिंमतसुद्धा पाच वर्षांत शिकले नाही. साहेबांचा काल फोन आला होता. म्हणाले, काळजी करू नका मॅडम, रिपोर्ट तयार असतात, तुम्ही फक्त सही करायची. आबांची बाटली तुझ्यासाठी तौसिफकडे ठेवतेय. कधी मन झालं तर तू तपास. आबांना खरा आकडा हवाय.

कधी काळी तुझीच असलेली,
ज्योत्स्ना