क्वार्टर नंबर चार रिकामे करण्यासाठी केलेला संमोहनाचा प्रयोग

जोयडा, शनिवार, दि. ३० मे १९९२

अनुसया रामचंद्र नंदगडकर हीस,

रामचंद्र भिकाजी नंदगडकर याचा नमस्कार. पतीने पत्नीस आशीर्वाद लिहावेत अशी रीत आहे, हे मी जाणतो. परंतु तू सध्या ज्या ठिकाणी आहेस ते ठिकाण माझ्यापेक्षा वरिष्ठ असल्यामुळे आशीर्वाद खालून वर पाठविणे मला नियमात बसवता आले नाही. तुझे पूर्ण नाव मी यापूर्वी केवळ रेशनकार्डावर लिहिले आहे, तेव्हा या पत्राचा मायना थोडा कचेरीच्या वळणाचा वाटल्यास क्षमा असावी. प्रकृतीची विचारपूस करावी की नाही याचाही मी बराच वेळ विचार केला. अखेर असे ठरवले की तुझी प्रकृती आता बिघडण्याच्या पलीकडे असल्याने तो परिच्छेद वगळावा. माझी प्रकृती ठीक आहे. (आपली लेक सुशीला खानापुराहून दर आठवड्यास पत्र लिहून ती ठीक नसल्याचे मला कळविते.)

कार्तिकात तू गेलीस आणि मार्चअखेर मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. मे संपण्यापूर्वी क्वार्टर रिकामे करावे, अशी नोटीस घेऊन कचेरीचा शिपाई परशू आला व ती देताना तो भिंतीकडे पाहत होता. नोटीस मी तीन वेळा वाचली. पळवाट एकही नाही. मसुदा माझाच, आठ वर्षांपूर्वी एका सर्व्हेअरने क्वार्टर सोडण्यास टाळाटाळ केली तेव्हा मी तो तयार केला होता, आणि तूच त्या दिवशी म्हणाली होतीस की इतके कडक कशाला लिहिता, कोणाच्या घरात काय असते आपल्याला काय ठाऊक. तुझा अभिप्राय तेव्हा विचारात घेतला गेला नाही.

सामान फार नाही. ट्रंक मी सात वेळा भरली व सात वेळा रिकामी केली. अडचण सामानाची नव्हती, कुलपाची होती. आपण या घरात राहिलो त्या बारा वर्षांत मी बाहेर पडलो की तू आत असायचीस, त्यामुळे बाहेरून कुलूप लावण्याचा प्रसंग मजवर कधी आला नाही. तू गेल्यावरही मी दार नुसते ओढून घेत असे. कारण कुलूप लावणे म्हणजे आत कोणी नाही हे लेखी मान्य करण्यासारखे आहे, आणि कशावरही सही करण्यापूर्वी खात्री करून घेण्याची माझी सवय तुला ठाऊक आहे. कुलूप हातात घेतले की छाती आवळून येई, आणि मी आत येऊन पुन्हा चहा ठेवत असे. एका सकाळी मी पाच वेळा चहा घेतला.

ही हकीकत तुझा मामेभाऊ बाबुराव याच्या कानी गेली. (रामनगरात त्याचे भुसाराचे दुकान आहे, आणि कोणतीही गोष्ट त्याच्या कानी गेली की ती तराजूच्या दोन्ही पारड्यांत पडते.) त्याने सांगितले की बेळगावचे विश्वंभर कडोलकर नावाचे संमोहनतज्ज्ञ दर गुरुवारी त्याच्या दुकानावरच्या माडीत बसतात, माणसाची धास्ती काढून टाकतात आणि गेलेला आत्मविश्वास परत आणतात. माझा आत्मविश्वास गेला होता असे मला वाटत नव्हते. तो केवळ दाराच्या आत राहिला होता. तरीही मी गेलो. जाताना बाजारकुणंग गावाहून तुझ्या मदतीला येणाऱ्या बाळीला घरात बसवले, म्हणजे कुलपाचा प्रश्न उद्भवला नाही.

माडीवर तांदळाच्या पोत्यांवर पंधरा-वीस माणसे बसली होती. कडोलकर हे गोरे, गुबगुबीत आणि अत्यंत हळू बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी सर्वांना डोळे मिटावयास लावले, आकडे उलटे मोजले, आणि मग म्हणाले की आता शांत पाणी आहे, पाणी वर येते आहे, गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, तुम्ही खाली खाली जात आहात, तुमचे घर, तुमची चिंता, सर्व काही पाण्याखाली जात आहे. हे वाक्य बेळगावात निश्चितच गुणकारी असेल. परंतु रामनगरातील निम्मे लोक धरणात सुपे गाव बुडाल्यावर तेथे येऊन वसलेले आहेत, ही माहिती त्यांना बाबुरावाने दिली नसावी. म्हातारा म्हादू डोळे उघडून उठला आणि शांतपणे म्हणाला, "एकदा सरकारनं घातलं न्हवं पाण्यात? आता तू कशाला घालतोस बाबा?" त्याच्यामागे नऊ माणसे जिना उतरली. एकाने खालून ओरडून विचारले की पाणी किती चढले. कडोलकर फार ओशाळले, आणि मला त्यांचा विश्वास वाटू लागला तो त्याच क्षणी, कारण आपल्या मसुद्यातील चूक कळल्यावर असे ओशाळणारे अधिकारी मी फार थोडे पाहिले आहेत.

पुढील आठवड्यात ते स्वतः जोयड्यास आले. ज्या दाराची धास्ती आहे त्या दारापाशीच उपचार झाला पाहिजे, असे त्यांचे मत पडले. त्यांनी घर पाहिले, कुलूप पाहिले, आणि विचारले की वहिनी कोठे बसत असत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळचा पाट दाखवला. त्यावर त्यांनी मलाच बसवले. (माझे गुडघे तुला माहीत आहेत, बसण्यासच दोन मिनिटे लागली.) डोळे मिटा, म्हणाले, आता तुम्ही रामचंद्रराव नाही, तुम्ही वहिनी आहात, मी विचारीन त्याचे उत्तर त्यांच्या जागेवरून द्या. मग त्यांनी हळू आवाजात विचारले की वहिनी, यांनी दाराला कुलूप लावले तर चालेल का. उत्तर काय द्यावे याचा मी विचार करीत होतो. तुझ्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता.

तेवढ्यात मागच्या दाराने बाळी आली. तिच्याबरोबर तिच्या वाडीतला धाकलू होता. बाळीने काय पाहिले ते तिच्या बाजूने पाहिले पाहिजे. पाटावर मी, डोळे मिटलेले, अंग किंचित डुलते आहे (ते गुडघ्यांमुळे), समोर एक परका माणूस हळू आवाजात मला वहिनी म्हणतो आहे. तिच्या वाडीत अंगात येते तेव्हा नेमके असेच होते, आणि जो प्रश्न विचारतो तो देवाचा घाडी, म्हणजे गावचा मांत्रिक, असतो. तिने फुलपात्रातले पाणी माझ्या पायांवर घातले, कपाळाला कुंकू लावले आणि म्हणाली, "अक्का, आलीस व्हय? किती वाट बघायला लावलीस गं."

मी डोळे उघडावयास हवे होते. पदवीधर माणसाने, तोही सेवानिवृत्त शिरस्तेदाराने, ताबडतोब खुलासा करावयास हवा होता. तो मी का केला नाही, याचे कारण नोंदवून ठेवतो. सहा महिन्यांत तुझ्याविषयी जो बोलला तो 'होत्या' म्हणून बोलला. 'आलीस' म्हणणारे ते पहिलेच माणूस होते.

धाकलूने विचारले, "अक्का, म्हस गेली तीन दिस झाले. खंयच्या अंगाक बघू?" मे महिन्यात हिरवे गवत वरच्या नाल्यालाच मिळते, हे तालुका कचेरीत काम केलेल्या कोणालाही सांगता येईल. मी तुझ्यासारखे थोडे थांबून सांगितले, वरच्या नाल्याला बघ. सायंकाळी म्हैस सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत अकरा माणसे बसली होती, पैकी एक अणशीहून बस बदलून आलेला. माझा आता नाइलाज होता. मी पाटावर बसलो आणि सर्वांस उत्तरे दिली. सुनेशी पटत नाही, तिला चुलीचा कारभार दे. पायावर सूज आहे, दांडेलीच्या दवाखान्यात दाखव, अंगारा आता बस कर. तुझ्या आवाजात मी जे बोललो ते सर्व शहाणपणाचे होते. माझ्या आवाजात मी छत्तीस वर्षे बोललो तेव्हा इतके कोणी ऐकले नव्हते. मुक्कामास राहिलेल्या कडोलकरांना लोकांनी घाडी समजून दोन नारळ दिले. ते त्यांनी घेतले, आणि निघताना माझ्या कानाशी वाकून विचारले की वहिनी, बेळगावची जागा आत्ता घ्यावी की पुढल्या वर्षी. मी पुढल्या वर्षी म्हणालो.

सगळे गेल्यावर बाळी एकटी मागे राहिली. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, अगदी तू असताना बसत असे तशी, पान काढून चुना लावू लागली आणि म्हणाली, "अक्का, त्या बदलीचं सायबाला सांगितलंस काय न्हाई मग?"

माझे डोळे मिटलेलेच होते.

"न्हाई सांगितलंस. मला ठावं हाय. तीनदा बदली आली, तीनदा सायबानं नको म्हणून लिवलं, आन् तू माझ्याकडं येऊन बसायचीस. ह्या भिंतीला पावसाळाभर वल, चुलीच्या धुरानं खोकला. खानापुराक जाऊन लेकीशेजारी ऱ्हायचं म्हनत व्हतीस. मी म्हटलं सांग. तू म्हनालीस, ह्यांना हितं गोड वाटतंय, कशाला मोडता घालायचा."

तिने पान तोंडात घातले. मग म्हणाली, "आता तरी सांग की गं. त्यो बसलाय दार धरून."

अनुसया, त्या तिन्ही बदल्या मी नाकारल्या त्या तुझ्यासाठी. पहिल्याच पावसाळ्यात, भिंतीला ओल आली असता, तू म्हणालीस की घर छान गार आहे. मी ते वाक्य धरून ठेवले. दुसऱ्या कोणाच्या फायलीत इतक्या तोंडी आधारावर इतका मोठा निर्णय घेतलेला आढळला असता तर मी त्यावर तांबडा शेरा मारला असता. मी तुझ्या आवाजात बाळीला एवढेच म्हणालो की सांगते. आणि डोळे उघडले. तिने माझ्याकडे पाहिले, कपाळावरचे कुंकू पदराने पुसले आणि विचारले, "सायेब, चा ठेवू काय?"

ट्रंक त्याच दुपारी भरली व पुन्हा उघडली नाही. मुदत उद्यापर्यंत आहे, परंतु उद्या रविवार असल्याने कचेरी बंद राहील, म्हणून आजच निघावे असे ठरवले आहे. छाती अजून आवळते. कडोलकर म्हणतात ते जाईल. न गेल्यास माझी हरकत नाही.

तुझा,
रामचंद्र

ता. क. : कडोलकरांना मी त्यांच्या इच्छेनुसार प्रशस्तिपत्रक दिले आहे, त्यात 'संमोहनाने पूर्ण गुण आला' असे लिहिले आहे. वस्तुस्थिती अशी की मला एक क्षणही झोप अथवा गुंगी आली नाही. प्रत्येक उत्तर मी पूर्ण शुद्धीवर दिले. हे त्यांना कळू नये, आणि बाळीला तर मुळीच नको. तरी तिला ते माहीत असावे असा मला संशय आहे.

ता. क. दुसरे : हे घर मलाही कधी आवडले नव्हते.

ता. क. तिसरे, व पत्र लिहिण्याचे खरे कारण : लोकांनी यापुढे सोमवारी तुला येथे बोलवावे असा घाट घातला आहे. कृपया येऊ नये. येथे सोमवारपासून नवे शिरस्तेदार सहकुटुंब राहावयास येतील व त्यांच्या पत्नीस ते अवघड जाईल. यायचेच झाल्यास द्वारा सौ. सुशीला, स्टेशन रोड, खानापूर, या पत्त्यावर यावे. पाट बरोबर नेत आहे. आल्यावर घर कसे वाटते ते खरे सांगावे, मीही खरे सांगेन.

हे शेवटचे बसस्टँडवर लिहिले. सकाळी साडेनऊ वाजता क्वार्टर नंबर चारच्या दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या परशूकडे परत केल्या.