डोळा आटत नाही

१४ जानेवारी
आठ दिवस झाले — नात धम्मदिनाचा फोन नाही! जहाज बर्फात अडकलं असेल. सूनबाई वनिता म्हणते, "आबा, नेट नसंल तिथं." दक्षिण ध्रुवाजवळ क्रिल मोजायला गेलीय. बोटभर कोळंबी ती! देवमासे, पेंग्विन तिच्यावरच जगतात म्हणे. आपल्या कशेळीच्या खाडीत कोळंबी नव्हती?

१६ जानेवारी
फोन आला! पण आवाज पडलेला. जाळ्यात सगळे क्रिल बारकेच आले. पिल्लं असली तर आनंद — यंदा पैदास चांगली. पण उपाशी म्हातारे असले तर? खायला नसलं की क्रिल कात टाकून अंग आखूड करतो म्हणे. जहाजावरचे साहेब म्हणतात, उपासमारच. पुढच्या शुक्रवारी तिला सगळ्यांपुढं सांगायचंय. मला घास गेला नाही.

१७ जानेवारी
एकदम आठवलं! नूर मोहम्मद शेठच्या कारखान्यात मी कापड तपासायचो. विणकर अफजलच्या ताग्याचा पन्हा दोन इंच कमी भरला. सूत चोरलंस, म्हणून ओरडलो. शेठ म्हणाले, "दामू, पट्टी ठेव. धागे गिन." भिंग लावून मोजले — एकही कमी नाही! छप्पर गळून तागा भिजला होता, आटला होता. अफजलची माफी मागितली.
धम्मदिनाला फोनवर सांगितलं — अंग आटतं ना, मग न आटणारं काय ते बघ.
ती ओरडली, "आबा, डोळा! डोळा आटत नाही!" फोन बंद.

१९ जानेवारी
सातवी शिकलेल्या माणसानं कशाला तोंड घातलं? पोरीचं हसं झालं तर? वनिता — "आबा, पोहे तरी संपवा!"

२४ जानेवारी, शुक्रवार
जिंकली! अंग लहान, डोळेही लहान. म्हातारे असते तर डोळे मोठेच राहिले असते. पिल्लंच ती! तीनशे क्रिलचे डोळे मोजले पोरीनं. साहेबांनी विचारलं, कोणी सुचवलं? म्हणाली, "भिवंडीच्या कापड तपासणाऱ्यानं." व्हिडिओवर सगळं जहाज मला हात हलवत होतं! गल्लीभर जिलेबी वाटली. अफजलनं मिठी मारली, "दामूभाई, मेरा थान कहाँ पहुँच गया!" तोच भिजलेला तागा!

२५ जानेवारी
धम्मदिनाचा निरोप आलाय. एवढाच — "आबा, तुमचा उजवा डोळा मोजायचा राहिला. व्हिडिओवर तो मिटूनच बघता ना?"
मोतीबिंदू दोन वर्षं कोणाला कळू दिला नव्हता. डोळ्यात सुरी — नुसत्या विचारानं दवाखाना टाळत आलो.
वनिताला हाक मारली. म्हटलं, डॉक्टरची तारीख घे. धम्मदिना जहाजातून उतरायच्या आधीची.