वीतभर मागे

ता. १२ फेब्रुवारी

चि. ढोल्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण कळवायची तुला सवय नाही. नळाला पाणी पूर्वीसारखंच पहाटे येतं आणि भांडणंही पूर्वीसारखीच होतात. आई तुझी आठवण काढते आणि लगेच तुला शिव्या घालते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

एक सांगायचं आहे, पण आधी चांगली बातमी. काल आई बाहेर पडली. पाय मोडल्यापासून तिचं जग म्हणजे समोरच्या शिंपीकाकांचा दरवाजा. दवाखान्यातून चाकाची खुर्ची मिळाली, पण ती आपल्या बोळाच्या कोपऱ्यावर अडकायची. बाबांचं स्ट्रेचर अडकलं होतं, तिथेच. तू त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत पळालास, तरी उशीर झालाच. परत येऊन शिंपीकाकांच्या भिंतीला लाथा घातल्यास, "तुमच्या भिंतीनं माझा बाप खाल्ला" म्हणालास आणि जो गेलास तो गेलास.

ढोल्या, आडवी आलेली भिंत त्यांची नव्हती.

तुझी कॉट हलवून जमीन पुसताना हाताला एक खाच लागली. जुन्या पत्र्याची. आपल्याकडे घर पक्कं कसं करतात ते तुला माहीत आहे. पत्र्याच्या बाहेरून विटा रचायच्या आणि भिंत उभी राहिली की आतला पत्रा काढायचा, म्हणजे उघड्यावर झोपायची वेळ येत नाही. घर पक्कं होतं, बोळ मात्र वीतभर अरुंद होतो. बाबांनी कोपऱ्यावरची तुझी खोली अशीच बांधली. शिंपीकाकांची भिंत पहिल्यापासून आहे तिथेच आहे. तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाप गेलेल्या पोराशी मोजमापावरून काय भांडायचं?"

तर आता सांगते. तुझी खोली मी पाडली. भिंत जुन्या खाचेवर मागे घेतली. आता तिथे कॉट मावत नाही, हंडे मावतात. आई माझ्याशी धड बोलेना. "पोरगं आलं तर निजेल कुठे?" असं दुसरीकडे तोंड करून म्हणायची. मला रडू आलं, पण घण थांबवला नाही. माझं बघून इस्त्रीवाल्या मावशीनं ओटा काढला, रिक्षावाल्यानं पायरी फोडली. धूळ सगळ्यांच्या भांड्यांत गेली आणि शिव्या सगळ्यांनी मला दिल्या.

काल शिंपीकाकांनीच खुर्ची ढकलली. कोपऱ्यावर आईनं डोळे गच्च मिटले. खुर्ची वळली, भिंतीला खरचटलीसुद्धा नाही. बायका दारादारांत उभ्या होत्या आणि आई खुर्चीत मान ताठ करून त्यांच्यामधून निघाली होती. रस्त्यावर पोचल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल? भाजीवाल्याला धरलं. "मी घरात पडले म्हणून वाटेल तो भाव लावतोस काय?" मी भर रस्त्यात हसत होते आणि रडत होते. जिंकलो रे आपण.

शिंपीकाकांची माफी तुझी तू माग, तुझ्या वतीनं मी मागितलेली नाही. निजायची सोय माझ्या खोलीत, घोरलास तर हंड्यांशेजारी. रविवारपर्यंत आला नाही तर मीच त्याला आणायला जाते, असं आई म्हणते. आणि आता ती खरंच येऊ शकते.

तुझी खोली पाडून बसलेली,
ताई