चवदार हापसा

प्रिय बाबा,
जय भीम.

चंद्रपूरला आत्याकडे गेल्यापासून तुम्ही फोनवर 'बरं आहे' एवढंच बोलता, म्हणून हे पत्र. आई ठीक आहे. गल्लीतलं पाइपलाइनचं खोदकाम एकदाचं संपलं. तुमचा लाल हापसा तसाच उभा आहे.

मला तो निळा असतानाचा आठवतो. त्याच्या आधी अलका आंटी त्यांच्या मोटरचं पाणी आपल्याला वरून ओतायच्या, त्यांच्या बादलीला आपली बादली टेकू द्यायच्या नाहीत. तुम्ही भांडला नाहीत. दारासमोर हापसा बसवलात, महाडच्या तळ्याची आठवण म्हणून त्याला 'चवदार' नाव दिलंत आणि सगळ्या गल्लीला मोकळा ठेवलात. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांना 'चव' कळेना, त्यांनी त्याचा 'चौकीदार' केला. "चलो, चौकीदार से पानी ले आएँ!" तुम्ही चिडायचात, आई हसून बेजार व्हायची. पुढे आंटींची मोटर जळाली. त्या बादली घेऊन लांबच उभ्या राहिल्या, तेव्हा तुम्ही पुढे होऊन त्यांची बादली लावलीत आणि स्वतः हापसून दिलंत. तेव्हापासून त्याही आपल्याच पाण्यावर. "काशीनाथजी, आपका पानी तो मीठा है."

मी घरातली पहिली पदवीधर झाले, प्रयोगशाळेत लागले आणि हौसेनं आपलंच पाणी तपासायला नेलं. त्यात आर्सेनिक निघालं. त्याला ना चव, ना वास. उकळूनही ते जात नाही आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सरचा धोका वाढतो. मी रिपोर्ट तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही एवढंच विचारलंत, "मशीन चुकत नाही ना?" पुन्हा तपासलं, तेच आलं. मग हापशाला फासायला धोक्याचा लाल रंग तुम्हीच आणलात. दारोदार हात जोडलेत, "मेरे नल का पानी मत पीजिए." लोक म्हणाले, "बेटी पास हो गई, तो हमारा पानी फेल कर दिया?" तेही ऐकून घेतलंत. खरेपणाबद्दल मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. तो दारोदार फिरताना तेव्हा पाहिला.

मग आंटींच्या मूत्राशयात गाठ निघाली. "मीच पाजलं," म्हणालात आणि बॅग भरलीत. बाबा, मी डॉक्टरांना विचारलं. एका माणसाचा कॅन्सर याच पाण्यानं झाला की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही. 'नाहीच झाला' असं खोटं मी तुमची समजूत काढायलाही लिहिणार नाही. पण गल्लीतली मुलं आज ते पाणी पीत नाहीत, ते तुमच्यामुळे.

काल आंटींना भेटले. ऑपरेशन झालंय, आवाज मात्र तसाच खणखणीत. रविवारी नवा नळ सुरू होतोय. पाणी मी स्वतः तपासलंय. पहिली बादली कोण भरणार यावर गल्लीत वाद पेटला होता. आंटींनी पलंगावरूनच सगळ्यांना गप्प केलं, "चौकीदार भाग गया क्या? बुलाओ उसे!" मी हळूच म्हटलं, बाबांना तोंड दाखवायची लाज वाटते. त्या म्हणाल्या, "लाज मला वाटायला हवी," तीही चक्क मराठीत. बाबा, रविवारपर्यंत या. त्यांनी सुनेबरोबर आपली बादली पाठवली आहे. ती आपल्या दारात आहे, आपल्या बादलीला टेकून.

तुमचीच वाट पाहणारी,
भावना