डाव्या गालातला भाडेकरू

दुकान, ४ मार्च

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. सोफे शिवायचं काम भरपूर आहे. वकिलांच्या जुन्या सोफ्यातून चार पेनं आणि एक कवळी निघाली. कवळी कोणाची, हे वकील सांगत नाहीत.

माझ्या डाव्या गालात आतून एक जखम झालीय, महिना होऊन गेला. कडेने पांढरट, मधे लाल. दुखत नाही, म्हणून मीही तिच्या वाटेला जात नाही. आमची पद्धत तुला ठाऊक आहे: बारीक खिळे गालात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवून हातोडीच्या चुंबकाला द्यायचा. त्यातलाच एखादा टोचला असणार. म्हणून आता खिळे उजव्या गालात धरतो. तंबाखू मात्र डावीकडेच, तिला तिथली सवय आहे.

दाजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा धाकटा

घर, ११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. खिळ्यांसारख्या गरीब भाडेकरूला तू घराबाहेर काढलंस आणि तंबाखूसारख्या खऱ्या उपद्व्यापी भाडेकरूला तिथेच ठेवून रोज पोसतो आहेस.

आमच्या बस डेपोत तोंड तपासायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असलं तर लगेच दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आरशासमोर उभा राहा आणि तीन बोटं उभी तोंडात जातात का बघ.

मला भीती वाटते आहे, सरळच लिहिते. तंबाखू सोड आणि दाखवून ये. उत्तरात नुसती कवळीची बातमी नको.

आम्हाला जीव लावतोस तसा स्वतःलाही लाव.

ताई

दुकान, १९ मार्च

ती. ताईस सा. न.

बोटं दोनच गेली. माझी बोटं जाड आहेत, असं मी म्हटलं. तुझ्या भावजयीने स्वतःची बारीक बोटं देऊ केली, तीही अडली. मग तिने दुकानाला कुलूप घातलं आणि मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खिळ्यांची सगळी हकीकत शांतपणे ऐकली आणि तंबाखू किती वर्षं खाता, एवढंच विचारलं. जखमेचा बारीक तुकडा तपासायला पाठवलाय. त्यांची खुर्ची फाटकी आहे, आतला फोम दिसतो.

तंबाखू त्याच दिवशी बंद केली. तेव्हापासून मी चिडका झालोय असं ही म्हणते. गिऱ्हाइकं म्हणतात, आधीपासूनच होतो.

आशीर्वाद असू दे.

धाकटा

दुकान, २८ मार्च

ती. ताईस सा. न.

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. लहान आहे, पसरलेला दिसत नाही, कापून काढू म्हणाले. वेळेवर आलात, असंही म्हणाले. मला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुकानात सगळ्यांना हसत सांगितलं. पण ताई, हातोडी धरली की एक खिळा सरळ बसत नाही. मी घाबरलोय. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. तुझी भावजय धीराची आहे, तरी मला तू हवीस. रजा मिळेल का?

धाकटा

घर, ३१ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

रजा मागितली नाही, साहेबांना कळवलं. रात्रीच्या गाडीने निघते आहे. हे पत्र पोचेल तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेली असेन. पत्राला उत्तर द्यायची शिस्त म्हणून तेवढं लिहिलं.

ताई