काकांची सैल कवळी

मंगळवार, ४ ऑगस्ट

पुन्हा वाजली! भरदुपारी, मी टेबलाशी बसून मेणात दात लावत होते — टक्. काकांच्या कवळीचाच आवाज. काकांना जाऊन महिना झाला.

आईबाबांच्या मागे काकांनीच वाढवलं मला. कवळ्या करायलाही त्यांनीच शिकवलं. अख्ख्या गावाला दात बसवून देणारा माणूस, आणि स्वतःची कवळी सैल! "द्या, घट्ट करते" म्हटलं की, "माझ्या तोंडाला हात लावायचा नाही." मनाविरुद्ध काही झालं की बोलायचे नाहीत. नुसतं टक्. मैत्रिणीकडे जाऊ? टक्. खिडकी उघडली? टक्. की मी मुकाट्यानं खिडकी लावायची.

बुधवार, ५ ऑगस्ट

कवळी घरात नाहीच आहे. शेवटच्या दिवशी मीच ती त्यांच्या तोंडात बसवली. तिच्यासकट गेले ते. मग वाजतंय काय?

शनिवार, ८ ऑगस्ट

दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आमच्याकडची निम्मी कामं त्यांचीच. दुसऱ्या गावी दवाखाना काढतायत. "चल माझ्याबरोबर. खोली देते, पगार देते. तोंडाची मापंसुद्धा तूच घ्यायचीस."

मापं! काका म्हणायचे, "परक्या पुरुषाच्या तोंडात बोटं घालणार का आपल्या घरची मुलगी?" दात मी लावायचे, नाव त्यांचं व्हायचं. जायचंय मला. गुरुवारपर्यंत सांगायचंय.

बाईंची पाठ वळली आणि — टक्.

रविवार, ९ ऑगस्ट

आरशासमोर "हो, येते" म्हणून पाहिलं. टक्. टक्. कानांत कापूस कोंबला तर आणखीच मोठ्यानं! वेड लागेल मला अशानं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

हात्तिच्या! बाई तयार कवळ्या न्यायला आल्या तेव्हा मी शेवटची घासत होते. टक् झालं. मी दचकून मागे पाहिलं.

"मागे काय बघतेस? तूच वाजवलेस दात! आ कर पाहू."

दाढा झिजून पार सपाट झाल्यायत म्हणे. काम करताना दात आवळून धरते आणि सोडते. काकांच्या टक्-टक्चं सांगितलं तर म्हणाल्या, "भूत कसलं आलंय, वेडे!" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. माझेच दात! काका नाहीतच घरात. कुठेच नाहीत. खिडकी सताड उघडी टाकून जेवले. दोन घास जास्तच गेले.

गुरुवार, १३ ऑगस्ट

बाईंच्या इथल्या दवाखान्यात गेले. बाई म्हणाल्या, "मग? येतेस ना?"

"काकांना विचारून सांगते." माझ्या तोंडून निघालं.

घरी येऊन खरंच विचारलं. टक्. नको म्हणाले.